पाद्री अँड्र्यूजनी गांधींना ‘आणलं’ म्हणे!

दर ऑक्टोबरात आणि जानेवारीत एक फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. क्रांतिकारकांनी इंग्रजांना सळो की पळो करून सोडलं होतं, म्हणून सरकारने चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज नावाचा आपला पाद्री दक्षिण आफ्रिकेत धाडला. त्याने गांधींना पटवून १९१५ मध्ये हिंदुस्थानात आणलं. पुढे जन्मभर त्यांना चिकटून पाळत ठेवली. आणि बाटवाबाटवी चालू होतीच. गांधींवर टीका करायची त्याने खुशाल करावी. इथे प्रश्न अँड्र्यूजचा आहे.

‘सरकारने धाडलं’ इथपासूनच घोळ आहे. अँड्र्यूजना धाडलं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह पेटला होता. गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, संपलेल्या मजुरांवर तीन पौंडांचा कर होता, शिवाय ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं बेकायदा ठरवणारा निकाल आला होता. नोव्हेंबरात दोन हजारांवर मजूर गांधींबरोबर पायी ट्रान्सव्हाल प्रांतात घुसले. इकडे गोखले मधुमेहाने खंगलेले असतानाही निधीसाठी वणवण करत होते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवणाऱ्या अँड्र्यूजनी आपली शिल्लक त्या निधीत ओतली. मग गोखल्यांनी त्यांनाच जायला सांगितलं. विली पीअर्सन या मित्राबरोबर ते २ जानेवारी १९१४ रोजी डर्बानला उतरले. धक्क्यावर मुंडण केलेला, गिरमिटियाच्या वेशातला माणूस गांधी आहे हे कळताच त्यांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला. तिथल्या गोऱ्यांचा त्याने केवढा तिळपापड झाला!

सरकारचा माणूसही त्याच सुमारास तिथे गेला होता, पण तो वेगळा. व्हाइसरॉय हार्डिंगने पाठवलेले सर बेंजामिन रॉबर्टसन हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर, म्हणजे आपल्या नागपूरचे साहेब. गांधींनी पुढे त्यांच्याबद्दल नाराजीनेच लिहिलं आहे. फॉरवर्ड रचणाऱ्याला ‘सरकारी दूत’ हवाच होता तर तो आयता हजर होता. पण त्याच्या अंगावर पाद्र्याचा झगा नव्हता, मग गोष्ट रंगणार कशी?

‘पटवून आणलं’. तारखा लावून बघा. जानेवारीत गांधी आणि दक्षिण आफ्रिका सरकारचे मंत्री जनरल स्मट्स यांच्यात तात्पुरती तडजोड झाली, तिच्यात अँड्र्यूजनी मध्यस्थी केली. त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली. फेब्रुवारी सरता सरता त्यांनी केपटाऊन सोडलं. गांधी निघाले १८ जुलैला, तेही मुंबईला नाही. लंडनला, गोखल्यांना भेटायला. मुंबईत उतरले ९ जानेवारी १९१५ रोजी. तेव्हा अँड्र्यूज त्यांच्याबरोबर नव्हते, टागोरांच्या शांतिनिकेतनात होते. आणि परत यायचं गांधींच्या डोक्यात कोणी घातलं? १९०१ मध्ये ते कायमचे म्हणून आलेच होते, कलकत्त्यात महिनाभर गोखल्यांकडे राहिले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीच्या हिंदी लोकांनी बोलावलं म्हणून पुन्हा गेले. १९१२ मध्ये गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा त्यांनी बजावलं होतं की वर्षभरात हिंदुस्थानात या. तोवर अँड्र्यूज आणि गांधींची भेटही झालेली नव्हती.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे. अँड्र्यूजची व्हाइसरॉयकडे ऊठबस होती. १९१३ मध्ये सिमल्याच्या व्हाइसरॉय निवासात त्यांनी टागोरांवर व्याख्यान दिलं, अध्यक्ष खुद्द हार्डिंग. कुणाला यात काळंबेरं दिसलं तर मी हसणार नाही. पण त्याच हार्डिंगने त्या वर्षी मद्रासला आफ्रिकेतल्या सत्याग्रहींच्या बाजूने जाहीर भाषण केलं आणि लंडनची नाराजी ओढवून घेतली. आणि ओळख असणं म्हणजे चाकरी करणं नव्हे. गोखलेही त्याच व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसत होते.

चाकरी केली की नाही हे कामावरून ठरवावं. १९१५ मध्ये अँड्र्यूज आणि पीअर्सन फिजीला गेले आणि उसाच्या मळ्यांतल्या गिरमिटाचं ओंगळ चित्र घेऊन परतले: फसवून झालेली भरती, शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हा नियम, त्यातून आलेली दुर्दशा. १९१७ मध्ये भरती थांबली, १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करारही रद्द झाले. ‘दीनबंधू’ हे नाव त्यांना त्याच कामातून चिकटलं. १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर ते पंजाबात निघाले तर लष्करी अंमलात अमृतसरला त्यांना अटक करून परत धाडलं. केनियात गोऱ्या मळेवाल्यांनी रेल्वेच्या डब्यात त्यांना दाढी धरून ओढलं. १९२१ मध्ये, काँग्रेसच्या पूर्ण स्वराज्याच्या ठरावाच्या आठ वर्षं आधी, ते हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची निकड लेखांतून मांडत होते.

१९१८ चा प्रसंग तर या सिद्धांताच्या मुळावरच येतो. महायुद्धासाठी व्हाइसरॉयने दिल्लीत परिषद बोलावली. इंग्लंडच्या गुप्त तहांकडे बोट दाखवून, तुम्ही या परिषदेला जाताच कसे, असं गांधींना विचारणारे अँड्र्यूज होते. गांधी गेले, वर खेड्याखेड्यांत सैन्यभरतीला हिंडले. अँड्र्यूजना ते पटलं नाही. म्हणजे सरकारचा ‘एजंट’ सरकारच्याच भरतीच्या आड येत होता!

‘जन्मभर पाळत’: फिजी, केनिया, दक्षिण आफ्रिका, ब्रिटिश गयाना असं भटकणारा, मुक्कामाला शांतिनिकेतन गाठणारा माणूस पाळत ठेवणार कधी?

बाटवाबाटवीचं थोडक्यात. अँड्र्यूज अँग्लिकन धर्मगुरू होते आणि १९०४ साली केंब्रिज मिशनतर्फेच दिल्लीला आले, यात लपवण्यासारखं काही नाही. १९०६ मध्ये कॉलेजच्या प्राचार्यपदी गोरा माणूस नको, सुशीलकुमार रुद्र हवेत, म्हणून ते अडून बसले. १९१४ मध्ये मिशन सोडलं, काही धर्मसिद्धांत मनाला पटेनात म्हणून धर्मगुरूचं कामही थांबवलं. येशूवरची श्रद्धा सुटली नाही. १९३६ च्या सुमारास ते धर्मगुरूच्या कामाकडे परतले. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात वारले.

आता १९१५ चा फेब्रुवारी. गांधी शांतिनिकेतनात पोचले होते, तिथे आपले काका कालेलकरही होते. गोखले गेल्याची तार आली आणि गांधी पुण्याला निघाले. बर्दवानपर्यंत अँड्र्यूज सोबत होते. वाटेत त्यांनी विचारलं, हिंदुस्थानात सत्याग्रहाची वेळ येईल का, आणि कधी? गांधी म्हणाले, सांगणं कठीण. वर्षभर तर गोखल्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे मी नुसता हिंडणार, आणि पाच वर्षं तरी तसा प्रसंग येईल असं वाटत नाही.