जुना भोंगा, अल्निको आणि तो फिरणारा मेसेज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरूलाय. म्हणे जुन्या भोंग्यात अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचं) मॅग्नेट आणि अस्सल धातू असायचा म्हणून यात्रेतला आवाज पार शिवारापर्यंत जायचा, बेस पण दणदणीत, आता तसला माल होत नाही, मिळेल त्या भावात घेऊन ठेवा. आणि लोक घेऊलेत पण!

अल्निकोचं बघा. १९२६ ला अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचं ५५५ युनिट (हॉर्नच्या मागं बसणारा, आवाज काढणारा भाग) आलं, सुरुवातीच्या बोलपटांचे हॉर्न त्यावर वाजले, त्यात कायमचं मॅग्नेट नव्हतंच, वेगळ्या कॉइलला डीसी करंट देऊन चुंबक करायचे. अल्निको १९३० नंतरचं. व्हॉइस कॉइलला (डायफ्रॅम म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) ती बसते त्या गॅपमधलं चुंबकी फील्ड किती तेवढंच कळतं, ते कशानं आलं याच्याशी तिला काय घेणंदेणं. उलट अल्निकोची एक खोड हाय, युनिट खोलून मॅग्नेट सुटं केलं की त्याची ताकद उतरते, परत मॅग्नेटाइज करावं लागतं. म्हणजे चार मिस्त्र्यांनी उघडलेलं 'ओरिजनल' युनिट नव्या फेराइट मॅग्नेटवाल्या युनिटपेक्षा बारीक वाजू शकतं.

धातूचं तर सोडाच. आवाज नळीतल्या हवेतून जातो, पत्रा स्वतः वाजायला लागला तर तो दोष. त्याच ५५५ वरचा १५ए हॉर्न लाकडी होता की ओ.

मग लांब कसा जायचा? बारीक तोंडापासून हळूहळू रुंदावणाऱ्या नळीमुळं डायफ्रॅमचा जोर हवेला नीट लागतो, नुसता वाया जात नाही, शिवाय सगळा आवाज एकाच दिशेला. १ वॅटला १ मीटरवर भोंगा साधारण १०५ डेसिबल देतो, घरचा बॉक्स ९० च्या आसपास, आणि हा १५ डेसिबलचा फरक म्हणजे पॉवरमध्ये जवळजवळ ३० पट. नवा भोंगा पण हेच करतो. त्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम असली की आवाज खाली वाकतो, म्हणून काकड आरती पलीकडच्या गावात ऐकू यायची, आणि तेव्हा रस्त्यावर एवढ्या गाड्या पण कुठं होत्या.

बेस मात्र निव्वळ थाप. हॉर्नच्या तोंडाचा गोल घेर साधारण आवाजाच्या लाटेच्या लांबीएवढा लागतो, १६ इंच रुंद तोंडाला ती हद्द २७० हर्ट्झच्या आसपास येते, त्याखालचा आवाज दबतो. ५० हर्ट्झचा बेस पाहिजे तर तोंड २ मीटरच्या वर रुंद, ते कुठल्या देवळावर बांधणार?

आवड म्हणून घ्यायचाच असला तर घ्या, पण आधी मीटर लावून कॉइल बघा, आणि हळू आवाजात वाजवून खरखर येते का तेवढं ऐका.