ऑटो-स्टार्ट जनरेटरच्या भरवशावर कुत्र्याला मोटरहोममध्ये सोडू नका

मोटरहोमवाल्यांमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्यांमध्ये, एक सल्ला सारखा पुढे पाठवला जातो: जनरेटरला ऑटो-स्टार्ट आणि आत तापमानाचा सेन्सर असला, की कुत्र्याला एसीत ठेवून दिवसभर खुशाल बाहेर जा. वीज गेली तर जनरेटर आपोआप लागतो, सेन्सरला उकाडा कळतो, काही बिनसलंच तर मोबाइलवर मेसेज येतो. हा सल्ला मुक्या जिवाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'वीज गेली तर जनरेटर आपोआप लागतो.' कशामुळे लागतो, ते आधी पाहा. अनेक ऑटो-स्टार्ट फक्त बॅटरीचं व्होल्टेज पाहतात आणि ते ठरावीक पातळीपर्यंत, समजा 12 व्होल्टपर्यंत, उतरलं की मगच जनरेटर लावतात. बाहेरची, म्हणजे मुक्कामाच्या जागी वायर जोडून घेतलेली, वीज गेली की एसी त्याच क्षणी बंद पडतो, पण दोन-चार दिवे आणि एखादा पंखा एवढ्या भारावर चांगली बॅटरी 12 व्होल्टपर्यंत उतरायला कित्येक तास जातात. लिथियम बॅटरीत तर व्होल्टेज बराच काळ 13च्या आसपास टिकून राहतं. 12 दिसेपर्यंत ती जवळपास रिकामी झालेली असते. इकडे गाडी तापत असते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या बंद कारचं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. मोटरहोम मोठी असल्याने तिला वेळ जास्त लागेल, पण इतके तास नक्कीच नाही. शिवाय रात्री आवाज नको म्हणून लावलेली शांततेची वेळ दिवसा चालू राहिली, तर त्या वेळात जनरेटर लागणारच नाही.

'सेन्सरला उकाडा कळतो.' त्याला फक्त स्वतःच्या जागेचं तापमान कळतं. एसीच्या झोतात बसवला तर खोली गार वाटते आणि कुत्रा मात्र उन्हाच्या खिडकीशी धापा टाकत असतो. याहून घातक गोष्ट वायरची आहे. बहुतेक सेन्सरमध्ये थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विजेला होणारा रोध बदलणारा भाग, असतो आणि गारठा वाढला की त्याचा रोध वाढतो. वायर तुटली तर रोध अनंत, म्हणजे कंट्रोलरच्या (जनरेटर लावायचा की नाही हे ठरवणाऱ्या यंत्राच्या) लेखी कडाक्याची थंडी! तुटलेली वायर वेगळी ओळखण्याची सोय कंट्रोलरमध्ये नसेल, तर तो जनरेटर लावणार नाही.

जनरेटर लागला म्हणजे एसी लागला, असंही नाही. टाकीत पाव भाग इंधन उरलं की अनेक गाड्यांत जनरेटरला ते मिळेनासं होतं; इंजिनाला पुढे पंपापर्यंत जाता यावं म्हणून जनरेटरची टाकीतली नळीच तेवढी आखूड ठेवलेली असते. काही प्रयत्नांत जनरेटरचं इंजिन लागलं नाही, तर कंट्रोलर प्रयत्न सोडून देतो. आणि कुत्र्याला हवा मिळावी म्हणून उघडी ठेवलेली खिडकी जनरेटरच्या धुराच्या वाटेवर असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला ना रंग, ना वास.

मेसेजचं म्हणाल, तर राउटर गाडीतल्याच विजेवर असेल तर तो एसीबरोबरच बंद पडेल. स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं सिम असलेला अलार्म घ्या, आणि काही मिनिटांत परतता येईल इतकंच लांब जा.

ऑटो-स्टार्ट मी स्वतः वापरतो आणि तो असावा असंच माझं म्हणणं आहे. पण एका कडक दुपारी कुत्र्याला बाहेर सावलीत कोणाजवळ तरी ठेवा, स्वतः आत बसा आणि बाहेरच्या विजेचा ब्रेकर पाडा. एसीतून पुन्हा गार हवा यायला किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून मोजा. नंतर सेन्सरची वायर काढून हेच पुन्हा करा.