घरचं शिष्यवृत्ती खातं

11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारनं बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट केला आणि त्याच दिवशी आमच्या घरातली सगळी सरकारी कामं माझ्या गळ्यात पडली. ठराव नाही, चर्चा नाही. आमच्या ह्यांनी फक्त हिशेब मांडला. "मी गेलो तर जाता-येता तिकीट, वर उद्यमबागेतला एक दिवसाचा पगार जाणार. तू गेलीस तर शून्य." कंडक्टर खरोखरच शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. माझ्या वेळेचा भावही त्याच तिकिटावर छापलेला असतो, असं घरात सर्वांचं एकमत आहे.

त्यातून चिरंजीव दहावी पास होऊन आयटीआयला गेले. ट्रेड फिटर, कोर्स दोन वर्षांचा. "मुलगा काय करतो?" असं कोणी विचारलं आणि "आयटीआय" असं सांगितलं की समोरचा "अस्सं, अस्सं" म्हणतो. कोणाच्या घरी दुखणं असल्याचं कळावं, तसा त्याचा चेहरा होतो. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप कोणाच्या हातावर चालतात हे बेळगावात राहून ज्याला ठाऊक नाही, त्याच्याशी मी वाद घालत नाही. वाद घालायला आमच्याकडे दुसरे विषय पुष्कळ आहेत.

पहिल्याच आठवड्यात मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, सर म्हणाले उद्या बास्टर्ड घेऊन या." मी लाटणं हातात घेऊन उभी राहिले. मग कळलं की ते एका कानशीचं नाव आहे. आधी बास्टर्डनं घासायचं, मग स्मूथनं. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, धरायचा आणि खांदे दुखेपर्यंत घासायचा. मग त्याला गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून तो उजेडाकडे धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली की परत व्हाइसमध्ये. एकदा त्यानं तो तुकडा घरी आणून मला दाखवला. ट्यूबलाइटखाली धरून म्हणाला, "दिसतंय काय कुठं?" मला काहीच दिसलं नाही. तो खूश झाला. ड्रॉइंगवर 0.04 मिलिमीटर इतकाच फरक चालेल असं लिहिलेलं असतं म्हणे.

निदान 0.04 तरी चालतो. एसएसपीवर तेवढाही चालत नाही.

एसएसपी म्हणजे स्टेट स्कॉलरशिप पोर्टल. दहावीनंतरच्या शिष्यवृत्त्या आणि फीची परतफेड, मग खातं मागासवर्गीयांचं असो की अल्पसंख्याकांचं, सगळं तिथून. कल्पना चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. पूर्वी प्रत्येक खात्याच्या दारात वेगळा अर्ज घेऊन उभं राहावं लागायचं, आता एकाच दारात उभं राहायचं. दार तेवढं बंद असतं. "सर्वर इल्ल री", म्हणजे सर्व्हर नाही, हे वाक्य मी ज्या ज्या सुरांत ऐकलंय त्यांचा एक राग बांधता येईल. सकाळचं "सर्वर इल्ल" जरा आशावादी असतं. दुपारी जेवणानंतरचं मात्र अगदी अंतिम निकालासारखं येतं, आणि त्याला जोडून "नाळे बर्री", म्हणजे उद्या या.

पोर्टलला आधी जात आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर लागतो. तो नाडकचेरीतून, म्हणजे इकडच्या महसूल कचेरीतून. मराठा म्हणून आम्ही कर्नाटकात मागासवर्गीयांच्या आरक्षणात थ्री-बी. माझी बहीण महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात दिलेली आहे, तिकडे ह्याच प्रश्नावर मोर्चे निघतात. आमच्याकडे तो कधीच कोष्टकात बसवून टाकलाय, मोर्चा आरडी नंबरसाठी काढावा लागतो. पण नाडकचेरीतल्या त्या मुलीला मी दुवा देते. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं आहे, कोथिंबिरीच्या पुढं जात नाही. तिचं मराठी त्याहून बरं. "मावशी, उत्पन्न किती लिवू?" तिनं विचारलं. "खरं सांगू की दाखल्याचं?" म्हटल्यावर तीही हसली, मीही हसले. लिहिलं खरंच. दाखल्यासाठी वेगळं काढण्याइतकं उत्पन्न आमच्याकडे नाही.

आता नावाचं. चिरंजीवांच्या नावात एक 'व' आहे. आधार कार्डावर तो डब्ल्यूनं लिहिलाय आणि दहावीच्या मार्क्सकार्डावर व्हीनं. त्यात आधारवर नाव, बापाचं नाव, आडनाव अशी आमची रीत. मार्क्सकार्डावर इकडची रीत, म्हणजे नाव आणि शेजारी दोन इनिशियल. रेशनकार्डावर बापाचं हाकेचं नाव, कारण ते कार्ड करताना सासूबाईंनी तेच सांगितलं होतं. जन्मदाखल्यावर जिल्हा बेळगाव. 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या सगळ्या कागदांवर बेळगावी. पोर्टलच्या मते ही एकूण तीन मुलं आहेत, ती दोन बापांची आहेत आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांत राहतात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दोन बाप? बरं झालं, फी निम्मी निम्मी वाटून घेऊ."

आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे एक संधी एका अक्षरासाठी खर्च करायची की नाही, यावर घरात रात्री बैठक झाली. आजोबांनी पंचांग काढलं नाही एवढंच. शेवटी डब्ल्यूचा व्ही झाला.

मधे डिसेंबर आला. 2012 साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, तिथं हिवाळी अधिवेशन भरतं. म्हणजे मुख्यमंत्री, मंत्री, सचिव, सगळं सरकार बेंगळुरूहून उठून आमच्या दारात येतं. अशा वेळी आमची कामं झटपट व्हायला हवीत की नाही? पण सरकार दारात आलं की कचेरीत कोणी उरत नाही. साहेब अधिवेशन ड्यूटीवर, क्लार्क बंदोबस्ताच्या यादीत, शिपाई पाहुण्यांच्या जेवणाकडे. वर्षभर बेंगळुरूत असलेलं सरकार फोनवर तरी सापडतं. डिसेंबरात ते हायवेच्या कडेला दिव्यांत झगमगताना बसमधून दिसतं, फुकटात, पण हाती लागत नाही.

तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, शेतकऱ्याच्या पोरांना वेगळी मदत आहे, रैत विद्यानिधी. 2021 साली सुरू झालेली योजना. आयटीआयच्या मुलाला वर्षाला 2500 आणि मुलीला 3000 रुपये. खानापूर तालुक्यात आमचं थोडं भात आहे, तेव्हा हक्क होता. त्याला शेतकऱ्याचा एफआयडी, म्हणजे नोंदणीचा नंबर, लागतो, आणि एफआयडीला उतारा. उतारा काढला. त्यावर ह्यांच्या आजोबांचं नाव. म्हातारा जाऊन जमाना झाला, पण सरकारदरबारी अजून तोच नांगर धरतो. वारसा लावायचा तर पाच भाऊबंद, त्यातला एक पुण्यात, एक रुसलेला. रुसलेल्याला मनवायला मी कुंदा घेऊन गेले. तो कुंदा खाऊन परत रुसला. विद्यानिधीचा विषय तिथंच थांबला, भात मात्र दर वर्षी येतं.

बहिणीला फोन केला तर ती म्हणते, "कशाला तिकडं डोकं फोडतीस? इकडं घाल की त्याला. सीमाभागातल्या पोरांना सोय आहे." खरंच आहे. महाराष्ट्रात तंत्रशिक्षणाच्या प्रवेशाला सीमाभागाचे उमेदवार असा वेगळा वर्ग असतो, महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी. पण गाव वादातलं आहे हे कागदावर दाखवायला लागतं, आणि इकडचं सरकार म्हणतं की वाद 1967 च्या महाजन अहवालानं केव्हाच मिटला. 2004 पासून दोन राज्यं आमच्यासाठी सुप्रीम कोर्टात उभी आहेत. एवढा मान कोणाच्या वाट्याला येतो? मुलगी बघायला दोन स्थळं एकाच वेळी यावीत आणि चहा कोणीच पिऊ नये, असं आमचं झालंय. मी स्वतः हद्दीच्या अलीकडे फुकट आणि पलीकडे एसटीत अर्ध्या तिकिटाची. मुलाला कुठं घालायचं हे मग त्यानंच ठरवलं. "आई, माझा व्हाइस हितं आहे," म्हणाला. विषय संपला.

अर्ज एकदाचा गेला. कॉलेजातून तपासणीही झाली. सरकारी पैसे थेट खात्यात गेले का हे दाखवणारं डीबीटी कर्नाटकचं ॲप मोबाइलवर घेतलं. जपाला बसल्यासारखी रोज उघडून बघायची. एक दिवस त्यात दिसलं की पैसे मंजूर, पण खात्यात जाईनात. सायबरवाला म्हणाला, "आधार कुठल्या खात्याला सीड आहे बघा." आम्ही आयटीआयसाठी नवं खातं काढलं होतं, त्याचं पासबुकही जोडलं होतं. पण सरकार पासबुक बघतच नाही. आधार ज्या खात्याला जोडलंय तिथं पैसे जातात. आणि आधार जोडलेलं होतं शाळेत असताना काढलेल्या खात्याला, ज्यात आम्ही एक रुपया टाकला नव्हता की काढला नव्हता. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. ते जागं करायचं तर केवायसी, आणि केवायसीला ठसा.

बँकेत त्याला घेऊन गेले. काउंटरवरच्या पोरानं ते छोटं यंत्र पुढं सरकवलं. ह्यानं अंगठा ठेवला. लाल. परत ठेवला. लाल. "हेब्बट्टु बर्ता इल्ल री," पोरगा म्हणाला, म्हणजे अंगठा उठत नाही. मी मुलाचा हात ओढून बघितला. अंगठा आणि तर्जनी गुळगुळीत. नखांच्या कडांना तेलाची काळी रेघ, बोटांच्या पेरांवर घट्टे, आणि जिथं रेषा असायला हव्यात तिथं घासून चकाकी आलेली. वर्षभर लोखंडाबरोबर बोटंही 0.04 पर्यंत उतरली होती. आयटीआयच्या मास्तरांनी बघितलं असतं तर फुल मार्क दिले असते.

मग रांगेतली माणसं कामाला लागली. एक जण म्हणाला, साबणानं धुऊन ये. पेन्शनच्या रांगेतल्या एका आजीनं पिशवीतून खोबरेल काढलं. "माझाबी उठत नव्हता, लाव की हे. स्वल्प थांब आणि मग ठेव." मागून कोणीतरी लिंबू सुचवलं. लिंबाला माणूस धाडायची तयारी झाली होती, तेवढ्यात त्या पोरानंच डोकं चालवलं. "एल्ला बोट ट्राय माड्री," म्हणाला, म्हणजे आमच्या गावचं कन्नड-मराठी सगळं एका वाक्यात. एकेक बोट ठेवत गेलो. लाल, लाल, लाल. आजी प्रत्येक बोटाला "पांडुरंगा" म्हणत होती. डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि हिरवा लागला. कानस धरताना करंगळीला फारसं काम नसतं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाली, "बघ, माझं तेल!"

पैसे आले. ह्यांनी लगेच कागद-पेन घेतलं आणि झेरॉक्स, फोटो, सायबरवाल्याचं कमिशन, कुंदा असं एकेक वजा करत गेले. कुंदा मी घालू दिला नाही, तो विद्यानिधीच्या खात्यावरचा. "आणि तुझं येणं-जाणं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच शून्य लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. जे उरलं त्यात मुलानं स्वतःची व्हर्नियर कॅलिपर घेतली. दर रविवारी तो घरातल्या वस्तू मोजत फिरतो. भाकरीची जाडी सगळीकडे सारखी नाही, असं त्यानं मला शास्त्रोक्त सिद्ध करून दाखवलंय.

आता शेजारणी माझ्याकडे येतात. "वहिनी, आमच्या पोरीचं एसएसपी बघून द्या की ओ." मी आधी आधार कार्ड मागते आणि नाव अक्षर अक्षर वाचते. चहा नंतर.

परवा मुलगा जेवताना म्हणाला, "आई, कोर्स झाला की अप्रेंटिसशिप. कंपनी देते त्या स्टायपेंडमधे सरकार पंचवीस टक्के भरतं, महिन्याला 1500 पर्यंत."

"चांगलं आहे की."

"पोर्टल वेगळं आहे."

मी भाकरी तव्यावर टाकली.

"आधारनंच नोंद होते. बँकेतबी परत जायला लागेल."

"मग ऐक," मी म्हटलं. "नोंद होईपर्यंत कानशीला हात लावायचा नाही. रोज रात्री तूप लावून झोपायचं."

"सोमवारपासून प्रॅक्टिकल आहे, आई."

"काय करायचं आहे त्यात?"

"घासायचं."