बेरीज का जुळत नाही आणि अधिकार का काढले: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला. त्यात मुख्य तक्रारी तीन आहेत. वेबसाइटवर कोण येतं आणि काय बघतं हे मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये तुम्ही प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र प्रॉपर्टी, म्हणजे डेटा साठवायचा वेगळा कप्पा, मागितली होती, ती आम्ही दिली नाही. विभागांच्या वापरकर्त्यांची, म्हणजे त्यांची पानं बघणाऱ्या माणसांची, बेरीज कंपनीच्या एकूण आकड्यापेक्षा जास्त भरते. आणि तुमच्या विश्लेषकांचे ॲडमिन अधिकार, म्हणजे सगळं काही बदलायचे अधिकार, न सांगता काढून घेतले.

तिसरी आधी घेतो, कारण तिथे चूक सर्वस्वी आमची आहे. महिनाअखेरचा अहवाल तोंडावर असताना कुणाचा ॲक्सेस असा काढायचा नसतो. अधिकार कमी करण्याचा निर्णय मात्र मी आजही तोच घेईन. कुठल्याही मोठ्या संस्थेत ॲडमिनची यादी काढली की नोकरी सोडून गेलेले, जुन्या एजन्सीचे, कधीतरी दोन दिवसांसाठी घेतलेले लोक तीत सापडतातच. ॲडमिन अख्खी प्रॉपर्टी कचरापेटीत टाकू शकतो आणि ३५ दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नाही तर ती कायमची जाते. रोज अहवाल बघणाऱ्याला 'ॲनालिस्ट' ही भूमिका पुरते. पण हे आधी भेटून, नावानिशी यादी समोर ठेवून सांगायला हवं होतं. तुमच्या विश्लेषकांना झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून माफी मागतो.

आता बेरजेकडे. एकच व्यक्ती सकाळी उत्पादनांचं पान बघते आणि संध्याकाळी ग्राहकसेवेच्या पानावर येते. दोन्ही विभाग तिला आपापल्या खात्यात एकदा धरतात, कंपनीच्या एकूण आकड्यातही ती एकदाच येते. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांची बेरीज करायची नसते. पाहिलेल्या पानांची बेरीज होते, माणसांची होत नाही. हे पहिल्याच बैठकीत फळ्यावर काढून दाखवलं असतं तर तुमच्या विभागप्रमुखांना वरिष्ठांसमोर अडचणीत यावं लागलं नसतं.

स्वतंत्र प्रॉपर्टीच्या मागणीमागचं कारण मला समजतं. युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या जुन्या आवृत्तीत एका प्रॉपर्टीत २५ व्ह्यू, म्हणजे त्याच डेटाचे गाळून केलेले वेगवेगळे भाग, करता यायचे आणि ज्याला जो व्ह्यू द्यायचा तेवढाच देता यायचा. १ जुलै २०२३ पासून त्याच्या मोफत आवृत्तीत नवा डेटा येणं थांबलं आणि गूगल ॲनालिटिक्स ४ या नव्या आवृत्तीत व्ह्यू उरलेच नाहीत. इथे प्रॉपर्टी बघायची परवानगी दिली की त्यातला सगळा डेटा दिसतो. फार तर खर्चाचे आणि उत्पन्नाचे आकडे झाकता येतात. म्हणून प्रॉपर्टीच वेगळी करा, असं कुणालाही वाटेल.

पण तसं केलं की माणसाचा प्रवास मधेच तुटतो. जाहिरातीवरून आलेली व्यक्ती पहिल्या विभागाच्या प्रॉपर्टीत जाहिरातीच्या नावावर लागते. तीच पुढे दुसऱ्या विभागात गेली, तर तिथल्या प्रॉपर्टीला मूळ जाहिरात दिसतच नाही. खर्च एकाचा आणि खरेदी दुसऱ्याकडे, मग जाहिरात वाया गेली असा निष्कर्ष निघतो आणि चालू मोहीम बंद पडते. असा तोडलेला डेटा मागाहून सांधणं अवघड असतं. म्हणून गोळा करताना सगळा डेटा एकत्र ठेवायचा आणि दाखवताना वाटायचा, हा आमचा आग्रह आहे आणि तो सोडायची माझी तयारी नाही.

तुमच्याकडे सशुल्क ॲनालिटिक्स ३६० असल्यामुळे मूळ प्रॉपर्टीतून गाळून विभागवार सबप्रॉपर्टी, म्हणजे उपकप्पे, करता आल्या. त्यांत डेटा त्या तयार केल्या दिवसापासूनच येतो, मागचा भरत नाही. मागच्या वर्षाशी तुलना करता येत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते याचमुळे. करारापूर्वी हे आम्ही लेखी द्यायला हवं होतं.

जुनी तुलना मूळ प्रॉपर्टीत शाबूत आहे. विभागवार गाळलेले त्या काळाचे अहवाल आम्ही कोणतंही शुल्क न घेता करून देऊ. ज्या विभागांना कच्चा डेटा हवा आहे त्यांच्यासाठी बिगक्वेरी या गूगलच्या डेटा साठवायच्या सेवेत ओळीनिहाय परवानग्या लावू, म्हणजे ज्याच्या त्याच्या ओळीच ज्याला त्याला दिसतील. अधिकारांची यादी यापुढे बदलाच्या आठ दिवस आधी विभागप्रमुखांकडे जाईल आणि त्यांच्या होकाराशिवाय कुणाचं नाव हलणार नाही. सध्याची यादी आज तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. तीत कुणाचा अधिकार चुकून कमी झाला असेल तर त्या नावापुढे खूण करून परत पाठवा, मी स्वतः त्याच दिवशी दुरुस्त करतो.