"लहानंय, इसरंल"

आमच्या लातूर-किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यात, मनाला घाव बसलेल्या पोराबद्दल हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलोय. आणि माझं स्पष्ट मत आहे की पोरांचं जेवढं नुकसान या वाक्यानं केलं तेवढं फार थोड्या गोष्टींनी केलं असेल.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या रात्रीच गणपती बुडवून माणसं झोपलेली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद. भूकंपात गेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं ५२ गावं नव्या जागी वसली. शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० पोरं पुण्याला शिकायला नेली, ते काम मोठंच. पण जी पोरं गावातच राहिली त्यांचं काय? पारावर चर्चा चालायची ती घर नंबरची आणि अनुदानाची. आई गेलेल्या पोराला "आता तूच घरातला कर्ता" म्हणून मोकळे व्हायचे. तेव्हा आठ वर्षांचा असलेला आमच्यातला एकजण आज चाळिशीत आहे. स्लॅबचं पक्कं घर बांधलंय, पण पावसाळ्यातही बाहेर पत्र्याखाली झोपतो. गाव त्याला भित्रा म्हणतं. त्याची बायको काहीच म्हणत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी सुमारे साडेनऊ हजार प्रौढांचा अभ्यास छापला. मारहाण, अत्याचार, घरातली दारू, आईवर उठणारा हात असं बालपणी जितकं जास्त सोसलं, तितका पुढं हृदयविकार, व्यसन, आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त. मात्र धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. म्हणून शाळेत पोरांना "तुझ्या घरी काय काय झालं" विचारून सोसण्याचे गुण मोजत बसणं मला अजिबात पटत नाही. एक जरी भरवशाचं मोठं माणूस जवळ असलं तरी पोर पुष्कळ सावरतं.

आता ते माणूस कोण? तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळायची मारामार. म्हणून शिकवायचं ते गावाला. पण बॅनर, शाल-श्रीफळ, दोन तासांचं भाषण आणि शेवटी ग्रुप फोटो, हे शिकवणं नव्हे. अंगणवाडीताई, आशाताई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, ऊसतोडीचा मुकादम, गावात कीर्तनाला येणारे महाराज, यांना धरून वर्षभर बोलत राहावं लागतं.

मावशींचं नाव उगाच घेतलं नाही. आमच्या भागातल्या एका शाळेत चौथीतला पोरगा मधल्या सुट्टीत जेवण सोडून घरी पळायचा. पळपुटा म्हणून मार खायचा. (शिक्षण हक्क कायद्यात मारायला बंदी आहे, पण असो.) खिचडीवाल्या मावशीनं एक दिवस त्याला सरळ विचारलं, "कुठं पळतूस रं?" तर म्हणाला, "माय हाय का बगून येतो." बापानं औषध पिऊन जीव दिला तेव्हा हा शाळेत होता. पोरगं रोज खात्री करायला जात होतं! मग गल्लीतल्या बायांनी ठरवलं, सुट्टीच्या वेळी कुणीतरी त्याच्या आईला सोबत घेऊन फाटकाशी उभं राहायचं. पोरगा तिला बघायचा आणि ताटावर बसायचा. हळूहळू आई रोज यायची गरज उरली नाही. यात ना निधी लागला ना तज्ज्ञ. मावशीनं मारायच्या आधी विचारलं, एवढंच.

अर्थात सगळं गावानं निस्तरावं असं नाही. अत्याचाराची शंका आली तर बैठक बसवून मिटवणं हा गुन्ह्यावर पांघरूण घालण्याचाच प्रकार. तिथं १०९८ हा पोरांसाठीचा मदतीचा नंबर लावायचा, पोलिसांत जायचं. पोर रात्र-रात्र झोपत नसेल, जीव द्यायची भाषा करत असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

आणि "यंत्रणा कुठंय" म्हणणाऱ्यांसाठी: गावागावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, कागदावर बहुतेक असतेच. येत्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा की सदस्य कोण आणि शेवटची बैठक कधी झाली. उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट.