‘सहा महिन्यांत करोडपती’ म्हणणाऱ्या मेसेजला एका मामाचं उत्तर

आमच्या लातूर-बीडकडच्या तालमींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘एमएमएत नियम नसतात, ताकद असली की बास. कुस्तीतला पोरगा सहा महिन्यांत तयार होतो. यूएफसीत एक फाइट मारली की करोडपती. मातीत आयुष्य घालवू नका.’ एमएमए म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी एकत्र असलेली लढत, आणि यूएफसी ही अशा लढती भरवणारी मोठी अमेरिकी कंपनी. माझ्या भाच्याने हा मेसेज वाचून कॉलेज सोडायची तयारी केली, म्हणून लिहितोय.

नियम नसतात हे साफ खोटं. १९९३ साली यूएफसी सुरू झाली तेव्हा नियम नावालाच होते, हे खरं. आज डोळ्यांत बोट, डोक्याच्या मागे ठोसा, जांघेत लाथ, खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ, सगळ्याला बंदी आहे. साधारणपणे पाच मिनिटांचे तीन राउंड असतात, रेफ्री असतो, डॉक्टर असतो.

पण माझा खरा राग त्या सहा महिन्यांवर आहे. कुस्ती येणं हे मोठं भांडवल आहे, वाद नाही. यूएफसीचा माजी विजेता खबीब नुर्मागोमेदोव्ह पकडीच्याच जोरावर २९ पैकी २९ लढती जिंकला. मात्र आपल्या पोराच्या अंगात काय मुरलंय ते बघा. चितपट व्हायचं नाही म्हणून तो पालथा होतो, छाती मातीला चिकटवतो, पाठ समोरच्याला देतो. कुस्तीत हा बचाव आहे. एमएमएत पाठ दिली की समोरचा मागून गळा आवळतो. पटाला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, घुसताना मान खाली राहिली, तरी समोरचा तीच मान काखेत धरून आवळतो.

भाच्याला हे सांगून पटेना. परवा तालमीत तो सवयीने पालथा झाला, मी पाठीवर बसलो आणि हनुवटीखालून हात सरकवला. चार-पाच सेकंदांत त्याने माझ्या हातावर थाप मारली, म्हणजे हार मानली. मी पन्नाशीचा, गुडघे गेलेला माणूस. ही सवय मोडायलाच वर्षं जातात, ठोसे आणि लाथा पुढेच राहिल्या. आपली पूजा तोमर वुशू या चिनी युद्धकलेतली राष्ट्रीय विजेती. २०१७ मध्ये ती वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए स्पर्धेत लढत होती. यूएफसीतला पहिला विजय मिळाला जून २०२४ मध्ये, आणि तो कुठल्याही भारतीयाचा तिथला पहिला होता.

आता पैसा. यूएफसीत नव्याने आलेल्याला साधारण दहा-बारा हजार डॉलर उतरण्याचे आणि जिंकला तर तेवढेच आणखी, असे करार होत आलेत. त्यातून कोच, मॅनेजर, टॅक्स, सरावाचा खर्च. आणि फाइट दर महिन्याला मिळत नाही. यूएफसीतला भारतीय फायटर अंशुल जुबली ऑक्टोबर २०२३ मध्ये हरला, पुढची लढत थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये, जवळपास १६ महिन्यांनी. तीही तो १९ सेकंदांत हरला.

ठरलेल्या वजनगटात बसायला लढतीआधी वजन उतरवावं लागतं, ते तर मेसेजमध्ये नावालाही नाही. २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा चिनी फायटर लढतीआधी वजन उतरवतानाच गेला.

‘मातीत आयुष्य घालवू नका’ हे वाक्य बीडकडच्या माणसाने पुढे पाठवावं, याचं वाईट वाटतं. पाटोद्याचा राहुल आवारे याच मातीतून २०१८ चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ चं जागतिक कांस्य घेऊन आला, पोलीस उपअधीक्षक झाला.

भाच्याला मी नाही म्हटलेलं नाही. कॉलेज चालू ठेव, एवढी एकच अट घातलीय. रोज संध्याकाळी तो पटाला घुसतो तेव्हा मी एकच ओरडतो, “मान वर!”