आधी पाण्याची वेळ विचारा, रिसॉर्टचं नंतर बघू

पाऊस लागला की पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला तरी हुक्की येतेच: "ताम्हिणीत पाणी फुल्ल आहे, चला कयाकिंगला!" खाली अंगठ्यांची रांग. मग रिसॉर्टला पूल आहे का, गाड्या किती, व्हेज किती, नॉनव्हेज किती. नदीत पाणी किती असेल आणि ते कोण सोडतं, असं विचारणारा खडूस ठरतो. आमच्या ग्रुपमधला तो खडूस मी. माझं मत साधं आहे: जुलैमध्ये घाटातल्या ओढ्यात हौशी माणसाने होडी घालू नये. जायचंच तर धरणातून ठरवून सोडलेल्या पाण्यावर जावं. पुणेकरांसाठी याचा अर्थ कोलाडची कुंडलिका नदी.

घाटातल्या ओढ्याचं गणित आपल्या हातात नसतं. वर माथ्यावर ढग ओततो आणि खाली ऊन पडलेलं असताना पाणी चढतं. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती काही कयाक घेऊन गेली नव्हती, नुसती पाण्यात उभी होती. त्यात जंगलातली नदी म्हणजे काठची झाडं प्रवाहात आडवी पडलेली. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस मात्र गाळण्यात चहापत्ती अडकावी तसा अडकतो, आणि मागचं पाणी दाबत राहतं. गढूळ पाण्यात ते झाड दिसतही नाही.

कुंडलिकेचं तसं नाही. तिच्या राफ्टिंगच्या टप्प्यातलं पाणी मुळात आपलंच, मुळशी धरणाचं. एरवी मुळेतून पुण्यात येऊन भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवलंय. सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात ते टर्बाइन फिरवतं आणि पुढे कुंडलिकेतून रोहा, रेवदंड्याकडे निघतं. याच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे मावळे सत्याग्रहाला बसले होते. गाडीतून तलावाचे फोटो काढताना एवढं तरी ठाऊक असावं. असो. आपल्या कामाचा भाग असा की हे पाणी विजेच्या वेळापत्रकाने सुटतं, बहुधा सकाळी. म्हणून कडक उन्हाळ्यातही तिथे साजे गावापासून बारा-एक किलोमीटर राफ्ट चालतात. दुपारी निवांत पोचलात तर गोटे मोजत बसाल. बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: उद्या पाणी किती वाजता सुटणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे फोन लावा.

आता कयाक की राफ्ट? कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, राफ्ट म्हणजे सगळ्यांनी मिळून वल्हवायचा हवा भरलेला तराफा. इथे माझं आणि भाच्याचं भांडण आहे. त्याचं म्हणणं, "मामा, मी खडकवासल्याला केलंय की." अरे बाबा, बॅकवॉटरवर बसून वल्हं मारणं वेगळं, वाहत्या पाण्यात उलटलेली होडी कमरेच्या झटक्याने सरळ करणं वेगळं. त्याला रोल म्हणतात. तो आधी स्विमिंग पूलमध्ये शिकायचा, शेजारी शिकवणारा उभा असताना, नाकात पाणी जाऊन जाऊन. उलट्या होडीतून सुटून बाहेर यायला तर त्याच्याही आधी शिकायचं. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेच्या बोट क्लबची मुलं मुळेवर काय सुंदर होड्या चालवतात, पण तेही संथ पाणी. नदीतल्या खळाळत्या टप्प्याला रॅपिड म्हणतात, त्याची श्रेणी 1 (सोपी) ते 6 (सगळ्यात अवघड) अशी मोजतात. कुंडलिका साधारण 2 ते 3 मध्ये बसते. म्हणजे राफ्टमध्ये गाइडसोबत मजा, पण रोल न येणाऱ्या एकट्या कयाकवाल्याची फजिती. भाचा सध्या बोलत नाही माझ्याशी. चालेल.

काठावर लाइफ जॅकेट देतात तेव्हा सेल्फी थांबवून एक करा. सगळे बकल आवळा आणि मित्राला खांद्याच्या दोन्ही पट्ट्या धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही, बदलून मागा. लाजू नका, पैसे दिलेत. हेल्मेटचा पट्टाही तसाच, हनुवटीखाली घट्ट. आणि पडलात तर पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. कमरेएवढंच पाणी असलं तरी नाही. दोन दगडांत पाऊल अडकलं की प्रवाह माणसाला तोंडावर पाडतो. उताणं व्हायचं, पाय वर, पावलं प्रवाहाच्या दिशेला, आणि गाइड दोरी फेकेल तेव्हा दोरी धरायची. त्याचा हात नव्हे.

"मला पोहता येतं" हे ऐकलं की मला धडकीच भरते. टिळक टँकवर पोहलेला माणूस फेसाळ पाण्यात तेवढाच हतबल असतो जेवढा न पोहणारा. आदल्या रात्री ढोसून सकाळी राफ्टमध्ये बसणाऱ्यांबद्दल तर मी लिहीतच नाही, बायको पोस्ट वाचते.

आमचं डिसेंबरमधल्या एका रविवारचं ठरतंय. ताम्हिणी उतरून विळ्याहून साजे, राफ्टिंग, मग तांदळाची भाकरी आणि मासे. पाणी सकाळी सुटतं म्हणून पहाटे पाचला चांदणी चौकात भेटायचं. "साडेसहा करूया ना" म्हणणाऱ्यांनी सरळ रिसॉर्टचा पूल बघावा, तिथे पाणी दिवसभर असतं.